लाल ठिपक्याची गोष्ट

हाताने फोकस करायची जुनी लेन्स कधी हाताळली असेल, तर अंतराच्या आकड्यांपाशी, मधल्या रेघेच्या किंचित बाजूला, एक लाल ठिपका पाहिला असेल. काही लेन्सवर ठिपक्याऐवजी बारीक लाल रेघ असते, लायकाच्या लेन्सवर 'आर' असं अक्षर. ही खूण इन्फ्रारेड फोटोंसाठी. वापरलेली वाइड अँगल लेन्स घ्यायला गेलात की विकणारा हीच खूण दाखवून भाव वाढवतो. तो द्यावा का, हा आजचा प्रश्न. त्यासाठी जरा मागे जाऊ.

१८०० साली विल्यम हर्शेलने प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. या अदृश्य उजेडात काढलेली निसर्गदृश्यं लोकांसमोर यायला मात्र १९१० उजाडलं. ती काढली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने. आकाश काळं, झाडं पांढरीशुभ्र! याला 'वुड इफेक्ट' म्हणतात. (लाकडाशी काही संबंध नाही.) हरितद्रव्य इन्फ्रारेड शोषत नाही आणि पानाच्या आतली पेशींची रचना तो बाहेर फेकते, म्हणून पानं चमकतात. जुलैतला सह्याद्री अशा फोटोत बर्फ पडल्यासारखा दिसतो.

आता ठिपका. नेहमीची लेन्स दिसणाऱ्या रंगांसाठी बनवलेली असते. इन्फ्रारेड किरण जरा पुढे जाऊन एकत्र येतात, म्हणजे डोळ्यांनी नीट फोकस केलेला फोटो फिल्मवर पुसट यायचा. उपाय सोपा: फोकस करा, रेघेसमोरचा आकडा वाचा आणि रिंग फिरवून तोच आकडा ठिपक्यासमोर आणा. आमच्या भाषेत हार्डकोडेड पॅच. वाइड अँगलला तर त्याचीही फारशी गरज पडत नसे. फोकल लेंग्थ कमी असली की फरकही कमी, आणि छिद्र एफ ११ पर्यंत बारीक केलं की उरलेली चूक खपून जायची.

असो. कोडॅकने आपली प्रसिद्ध एचआयई फिल्म २००७ साली बंद केली, पण तोवर लोक डिजिटलकडे वळलेच होते. सिलिकॉनच्या सेन्सरला इन्फ्रारेड मुळातच दिसतो. कंपन्या तो अडवायला सेन्सरपुढे फिल्टर बसवतात. हौशी मंडळी तो काढून घेऊन त्या जागी ७२० नॅनोमीटरचा बसवतात.

आणि इथेच गंमत उलटते. काही लेन्समध्ये फोटोच्या मधोमध एक फिकट गोल डाग येतो, त्याला हॉट स्पॉट म्हणतात. काचेवरची कोटिंग्ज दिसणाऱ्या उजेडासाठी जुळवलेली. आतला काळा रंग आपल्याला काळा, पण इन्फ्रारेडला काळा असेलच असं नाही. त्यात सेन्सर चकचकीत, त्यावरून उजेड परत लेन्सकडे जातो. छिद्र जितकं बारीक, तितका डाग ठसठशीत. म्हणजे फिल्मवाल्यांना ज्या एफ ११ ने तारलं, त्यानेच आपली पंचाईत होते. लाल ठिपका याबद्दल एक अक्षर बोलत नाही. शिवाय मिररलेस कॅमेरा सेन्सरवरूनच फोकस करतो, तेव्हा ठिपक्याचं मूळ कामही संपलं.

म्हणून माझं मत: खुणेसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. फोर्टातल्या बोरा बाजारात जा नाहीतर आणखी कुठे, आपला बदललेला कॅमेरा बरोबर न्या. आकाश किंवा साधी भिंत घेऊन एफ ४ पासून एफ १६ पर्यंत फोटो काढा आणि मधला भाग कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. एकाच कंपनीची एक लेन्स स्वच्छ निघते आणि दुसरी डागाळते, त्यामुळे नावावर जाऊ नका. कॅमेऱ्याचा सेन्सर १.५ क्रॉपचा असेल तर २० एमएमची लेन्स ३० सारखी दिसेल, मग वाइडची मजा कुठली? शेवटी मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशी पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बऱ्याच जुन्या लेन्स तिनेच जातात.