पाटाचे पाणी, कोयता आणि अर्धवट राहिलेली इंग्रजी : राहात्याची शंभर वर्षे

१/
दिवाळी सरली की राहाता तालुक्यात उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. बीड, पाथर्डी, शेवगाव अशा कोरडवाहू भागांतून आलेल्या कुटुंबांसोबत शाळकरी मुलेही येतात. त्यांची शाळा मात्र गावीच राहते. या तुटलेल्या शाळेचा इतिहास जुना आहे.

२/
त्याची सुरुवात पाण्यापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरचा बंधारा यांमुळे गोदावरीचे कालवे वाहू लागले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण होऊन प्रवरेच्या पाटांना खात्रीचे पाणी मिळाले. दुष्काळी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आला.

३/
पाण्यामागोमाग माणसे आली. बागायतीत निष्णात असलेले सासवडचे माळी कालव्याकाठी येऊन खंडाने जमिनी कसू लागले. राहाता तेव्हा कोपरगाव तालुक्यात होते. हे स्थलांतरित कायमचे वसले आणि बाराही महिने एकाच गावात राहू लागले.

४/
पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. सहकारी कारखानदारी राज्यभर पसरली, तसा दुसऱ्या प्रकारच्या स्थलांतराचा व्यापही वाढला.

५/
हे स्थलांतर हंगामी असते. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक ‘कोयता’. पाच-सहा महिने तोड चालते. या हिशेबात मुलांचा उल्लेख नसतो, काम मात्र असते : वाढे गोळा करणे, मोळ्या बांधणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे.

६/
या पोरांचे सर्वाधिक नुकसान कोणत्या विषयात होते? मराठी कोपीतही कानावर पडते. हिशेब उसाच्या वजनातून थोडाफार कळतो. इंग्रजीला शाळेबाहेर आधारच नसतो. मराठी शाळांत ती पूर्वी पाचवीपासून शिकवली जाई. २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात ती पहिलीपासून आली. हेतू समतेचा होता. पण अर्धे वर्ष फडात जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला अर्धेच पुस्तक आले.

७/
इंग्रजी आणि समता यांचे नाते नगर जिल्ह्याला नवे नाही. सिंथिया फॅरार १८३९ पासून अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. १८५४ च्या ‘काव्यफुले’त सावित्रीबाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले.

८/
१८५५ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. तिच्यामागचा विचार साधा होता : शिकणाऱ्याला दिवसा सवड नसेल, तर शाळेने आपली वेळ बदलावी.

९/
कारखान्यांच्या आवारातील साखरशाळा हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. रात्रशाळेने वेळ बदलली, साखरशाळेने जागा बदलली. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी नव्या शतकाच्या सुरुवातीस हे काम मोठ्या प्रमाणावर केले.

१०/
१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, वयानुरूप वर्गात प्रवेश मिळणे हा हक्क ठरला. साखरशाळांऐवजी नियमित शाळा आणि मूळ गावातील हंगामी वसतिगृहे यांवर भर आला. मात्र नव्या शाळेत तीन इयत्तांची इंग्रजी मागे राहिलेल्या मुलाला कोण शिकवणार, हे कागदावरच्या प्रवेशाने सुटत नाही.

११/
तेथे स्वेच्छेने पुढे येणारी माणसे लागतात. ‘बालरक्षक’ चळवळीतील शिक्षक अशाच भावनेने कोप्यांपर्यंत जातात, मुले शोधतात, पालकांशी बोलतात आणि त्यांना वर्गात आणतात. एका तासाची जादा शिकवणी येथे क्षुल्लक नसते. नापास होण्याची धास्ती वाटून शाळा सोडणारे मूल तिच्यामुळे थांबू शकते.

१२/
कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. मुलाच्या हाती कोयता येण्याचे वयही साधारण तेच. दहावीला इंग्रजी अनिवार्य आहे आणि तिथवर पोहोचण्याची दोन-तीन वर्षे कोणत्याही हमीवाचून काढावी लागतात. पाटाच्या पाण्याने राहात्याची जमीन शंभर वर्षांपूर्वी बदलली. त्या जमिनीवरचा ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांपर्यंत शाळा अजून पूर्णपणे पोहोचायची आहे.