मुंबईतील निर्धनगृहे व निर्धनांची शुश्रूषा

मुंबईतील निर्धनगृहे म्हणजे निराधार, भिक्षेकरी व दुर्धर रोगांनी ग्रस्त अशा व्यक्तींना आश्रय देण्यासाठी, तसेच त्यांना रस्त्यावरून दूर ठेवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्था होत. धर्मशाळा, कुष्ठालय आणि भिक्षेकरी गृह ही त्यांची प्रमुख रूपे आहेत. शुश्रूषा आणि बंदिवास हे दोन्ही हेतू या संस्थांत दीर्घकाळ एकत्र नांदले. महानगरपालिकेच्या रुग्णालयांचा विस्तार झाल्यावर निर्धनांना बंदिवासाशिवाय उपचार मिळण्याची वाट रुंदावली.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १८३४च्या सुधारित दारिद्र्य कायद्याने सरकारी मदत मुख्यतः वर्कहाउसमध्ये, म्हणजे श्रमगृहात, राहण्याच्या अटीवर देण्याचे धोरण स्वीकारले. तेथील जिणे सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही कष्टाचे असावे, हे त्यामागील सूत्र होते. परंतु श्रमगृहांत धडधाकट माणसांपेक्षा वृद्ध, अपंग व आजारीच अधिक साठत गेले. १८६७च्या कायद्याने लंडनमध्ये निर्धन रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालये उभारण्याची तरतूद झाली. १९४८मध्ये यांतील अनेक इमारती राष्ट्रीय आरोग्यसेवेत सामील झाल्या.

हा कायदा हिंदुस्थानात लागू नव्हता. येथे १८६९ व १८७४च्या कायद्यांन्वये निर्वाह-साधन नसलेल्या भटक्या युरोपियनांसाठी श्रमगृहांची व्यवस्था करण्यात आली. एतद्देशीय निर्धनांचा भार मात्र मुख्यतः जात, धर्म आणि दानशूर व्यक्ती यांच्यावरच राहिला. सर जमशेदजी जिजीभाई यांच्या देणगीतून व सरकारच्या सहभागाने उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५मध्ये सुरू झाले. बेलासिस रोडवरील धर्मशाळाही त्यांच्याच दानातून उभी राहिली.

माटुंग्याचे कुष्ठालय

१८९०मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा येथे बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. मराठी वाचकांना ॲक्वर्थ हे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह करणारे म्हणूनही परिचित आहेत. या संस्थेतील रुग्ण शेतीची कामे करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मैल्यापासून मिळणारा वायू इंधन म्हणून वापरण्याचा प्रयोगही झाला. वडाळा येथील ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय हे याच संस्थेचे आजचे रूप होय.

१८९८च्या कुष्ठरोगी अधिनियमाने 'निर्धन कुष्ठरोगी' असा वेगळा वर्ग निर्माण केला. उघड्यावर भीक मागणाऱ्या किंवा निर्वाहाचे साधन नसलेल्या रुग्णाला पकडून कुष्ठालयात धाडता येत असे. घरी राहण्याची ऐपत असलेल्या रुग्णाला ही तरतूद लागू नव्हती. त्यामुळे बंदिवासाचे कारण केवळ रोग नसून रोग आणि दारिद्र्य हे दोन्ही होते. हा अधिनियम २०१६मध्ये रद्द झाला.

भिक्षा प्रतिबंध कायदा व चेंबूर

१९४५च्या कायद्यानंतर मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ अस्तित्वात आला. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा जखम दाखवणे अशा मार्गांनी भिक्षा मागणे, तसेच निर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणे, यांचा त्यात 'भिक्षा मागणे' या व्याख्येत समावेश आहे. प्रथम दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षे व वारंवार दोषी ठरल्यास कमाल १० वर्षे संस्थेत ठेवता येते. न्यायालय ताकीद देऊन सोडूही शकते. मुंबईत या कायद्यान्वये पकडलेल्यांना चेंबूर येथील भिक्षेकरी गृहात ठेवले जाते. कुष्ठरुग्ण व मनोरुग्णांना योग्य त्या संस्थेत हलवण्याची तरतूदही मूळ कायद्यात होती.

उपनगरांतील रुग्णालये

अंधेरी व घाटकोपर १९५०मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. त्यानंतरच्या काळात उपनगरांतील निर्धन रुग्णांचा भार घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती आणि मुलुंडचे अग्रवाल या पालिका रुग्णालयांवर आला. येथे उपचारासाठी कोणालाही संस्थेत बंदिस्त व्हावे लागत नाही. याखेरीज उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या व २००६पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात.

न्यायालयीन निर्णय

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात त्यामुळे कायदा रद्द झाला नाही. दिल्लीतील लामपूर भिक्षेकरी गृहात २०००मध्ये दूषित पाण्यामुळे झालेल्या मृत्यूंशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये देशभरातील अशा गृहांसाठी निर्देश दिले. दाखल झालेल्या प्रत्येक व्यक्तीची २४ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी करणे हा त्यांपैकी एक होय.

हेही पहा

कुष्ठरोग
सर जमशेदजी जिजीभाई
बृहन्मुंबई महानगरपालिका