यवतमाळ जिल्ह्यातले पुरुष कोणत्या धंद्यात मोजले जातात?

यवतमाळ म्हटलं की कापूस, आणि कापूस म्हटलं की शेतकरी. हे चित्र खोटं नाही. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 होती. पाचातले जवळपास चार जण खेड्यात राहत होते आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक शेतकरी किंवा शेतमजूर म्हणून नोंदले गेले. पण पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी, वणी किंवा खुद्द यवतमाळच्या मोहल्ल्यांत शिरलं, की गॅरेज, शिलाई मशीन, फळांची गाडी, वेल्डिंगची ठिणगी आणि ट्रकचं स्टेअरिंग आधी दिसतं. आपल्या माणसांचा रोजगार सरकारी आकड्यांत कुठे बसतो, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

जनगणना कामगारांचे चार मोठे गट करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर'. 2001 मध्ये देशभरातल्या एकूण कामगारांत शेतकरी 31.7 टक्के होते, मुस्लिमांत फक्त 20.7 टक्के. उलट 'इतर' गटात देशाचं प्रमाण 37.6 टक्के, तर मुस्लिमांचं 49.1 टक्के. घरगुती उद्योगातही आपण देशाच्या जवळपास दुप्पट: 4.2 च्या जागी 8.1 टक्के. हे आकडे स्त्री-पुरुष मिळून आहेत. कारण उघड आहे. महाराष्ट्रातले सुमारे सत्तर टक्के मुस्लिम शहरात राहतात, जमीन कमी, म्हणून हाताचं काम किंवा दुकान. नोव्हेंबर 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच आलं: मुस्लिम कामगारांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात, हिंदू कामगारांत हेच प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास, आणि पगारी नोकरीत आपण मागे.

आता गंमत अशी की 'इतर' हा गट म्हणजे मोठी गोणी आहे. वणीचा खाणकामगार, पांढरकवड्याचा ट्रक मेकॅनिक, शाळामास्तर, बकऱ्या पाळणारा, हॉटेलवाला, सगळे त्याच गोणीत. त्यांना वेगळं करायचं तर राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचे कोड पाहावे लागतात, आणि ते नेहमी आपल्या समजुतीप्रमाणे चालत नाहीत. जिनिंगचंच घ्या. मोठमोठ्या मोटारी, रेचे, प्रेसमधून निघणाऱ्या 170 किलोच्या गाठी, पत्र्याचं शेड. कोणीही याला कारखानाच म्हणेल. पण 2008 च्या वर्गीकरणात सरकी काढणं आणि गाठी बांधणं हे शेतीच्या विभागात, कापणीनंतरच्या कामात मोडतं. म्हणजे जिनमध्ये हमाली करणारा माणूस कागदावर शेतीक्षेत्रातला. टेलर मात्र, चार बाय सहाच्या दुकानात एकटा बसत असला तरी, वस्तुनिर्माण उद्योगात. मोटारसायकल दुरुस्त करणारा व्यापाराच्या विभागात, कारण वाहनदुरुस्ती तिथेच ठेवली आहे. मटणाचं दुकान व्यापारात आणि कत्तलखान्यातलं काम उद्योगात. जिल्ह्यात 'उद्योग' किती आणि 'शेती' किती असे आकडे कोणी तोंडावर फेकले तर हे लक्षात ठेवावं.

घरगुती उद्योगाचीही अशीच अट आहे. काम घरातल्या माणसांनी चालवलेलं हवं, नुसती विक्री चालत नाही. खेड्यात ते गावात कुठेही चालतं, शहरात मात्र घराच्या आवारातच हवं. त्यामुळे घराच्या ओट्यावर गाद्या भरणारा पिंजारी घरगुती उद्योगात, आणि त्याने बाजारात गाळा घेतला की लगेच 'इतर'. काम तेच, कापूसही तोच.

दुसरा घोळ दिवसांचा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, कमी केलं तर सीमांतिक. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. नंतर तोच माणूस बांधकामावर जातो, पावसाळ्यात फवारणीला. तीन कामं मिळून वर्ष भरतं, पण प्रगणकाला विचारलं तर उत्तर एकच: "मजुरी."

फवारणीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण शेतमजुरीतही पुरुषांची आणि बायकांची कामं वेगळी आहेत. निंदण आणि वेचणी बहुतेक बायका करतात, वेचणी किलोच्या भावाने. डवरणी, फवारणी, गाड्या भरणं ही पुरुषांची. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे वीस जण दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ज्यांनी पंप पाठीवर घेतला होता त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारेही होते. अशा वेळी मदत मागायला कागद लागतो, आणि रोजंदारीवाल्याकडे नेमका तोच नसतो.

वणी, मारेगाव, झरी जामणीकडे चित्र बदलतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, मुकुटबनचा सिमेंट कारखाना. इथे पुरुषांना पगारी काम आहे, पण कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत डेनिम कापडाचा कारखाना आहे. बाकी जिल्ह्याला रेल्वेचा आधार कधी धड मिळालाच नाही. इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली शकुंतला बंद पडली, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी कळंबपर्यंत आली. म्हणून माल रस्त्याने जातो, आणि रस्त्यावर आपली बरीच पोरं: ड्रायव्हर, क्लीनर, टायरवाले, हैदराबाद हायवेवरचे ढाबेवाले.

2015 च्या मार्चमध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. याचा फटका खाटीक-कुरेशी घरांना बसलाच, शिवाय गुरांच्या बाजारातले दलाल, चामड्याचे व्यापारी, वाहतूकवाले आणि म्हातारा बैल विकून नवी जोडी घेणारा शेतकरी, सगळ्यांनाच बसला. किती पुरुषांनी धंदा बदलला हे जनगणनेतून कळायला हवं होतं, पण 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा दिवस धरून होणार आहे.

2011 च्या फॉर्मात वर्षभरातलं काम, व्यवसाय, तो धंदा कशाचा, आणि माणूस मालक आहे, नोकर आहे, एकटा काम करतो की घरच्या धंद्यात हात लावतो, असे प्रश्न होते. तिथे "मजुरी" किंवा "प्रायव्हेट" एवढंच लिहून घेऊ नका. "जिनिंगमध्ये हमाल", "घरी गाद्या भरतो, स्वतःचा धंदा", "मोटारसायकल दुरुस्ती, दोन नोकर" असं सांगा. अब्बा घरी नसतील तर अम्मीला किंवा भाभीला आधी सांगून ठेवा.

कागदाची तजवीज आजही करता येते. मिस्त्री, पेंटर, फरशीवाले, इलेक्ट्रिशियन यांनी वर्षात 90 दिवस काम केल्याचा ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद करावी. वय 18 ते 60 हवं. गॅरेज, टेलरिंग, वेल्डिंगवाल्यांसाठी उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर होते. एजंटला पैसे देऊ नका. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जासाठी जाताना हा कागद सोबत असलेला बरा.

आणि जे पुण्याला, नागपूरला, हैदराबादला आहेत त्यांच्याबद्दल एक नियम: 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी या मोजणीच्या काळात जो संपूर्ण वेळ बाहेर होता, त्याची नोंद घरी नाही, तो होता तिथे झाली.