घाट उतरून समुद्राकडे

वडगाव निंबाळकर नीरेच्या सपाट, कालव्याच्या मुलखातले गाव. इथून डोंगर आणि समुद्र एकाच सहलीत गाठायचा तर लोणंद, वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाने पोलादपूर हा सरळ क्रम. घाट आणि समुद्र यांच्या मध्ये कोकणची पट्टी आहे.

महाबळेश्वर क्षेत्र म्हणून जुनेच. हवेसाठी तिथे जाण्याची प्रथा मात्र इंग्रजांची. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने ही जागा घेतली. म्हणून वस्तीचे नाव माल्कम पेठ. मुंबईचे साहेब बोटीने नागोठण्याला उतरत आणि महाडमार्गे घाट चढत, म्हणजे आजच्या सहलीच्या नेमके उलट. आंबेनळीचा गाडीरस्ता 1876 च्या सुमारास झाला आणि त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचे नाव मिळाले. पुढे पुणे-मिरज लोहमार्ग आल्यावर वाठार हे महाबळेश्वरचे स्टेशन ठरले आणि कोकणची वाट मागे पडली.

हंगाम मात्र पावसाने ठरवला. पावसाळ्यात साहेब खाली उतरत, बंगल्यांना गवताची झडप बांधली जाई. नीराकाठच्या ऊसकऱ्याचे गणित वेगळे: गाळप संपते, मुलांना सुट्टी लागते आणि मृगाच्या आधी परतायचे असते. म्हणून त्याची सहल मे महिन्यातच बसते. पावसात घाटात दरडी कोसळू लागतात, म्हणून हा बेत पुढे ढकलता येत नाही.