सीटच्या पोटातला पुरावा

समजा, परभणीत एका कुशनवाल्याच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी ट्रकची सीट आली आहे. मालक सांगतात, "आमचा ट्रक पोलीस अ‍ॅक्शनमध्ये होता." कारागीर नवं रेक्झिन आणि दाभण घेऊन बसलाय. तासाभरात जुनं सगळं कचऱ्यात जाईल. संशोधक म्हणून तुम्ही काय कराल?

आधी दावा तपासू. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, आणि परभणी त्याच संस्थानात होतं. कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोलेट ट्रक युद्धकाळात इथल्या सैन्याकडे होते. म्हणजे दावा अशक्य नाही. पण युद्ध संपल्यावर असे ट्रक डिस्पोजलमध्ये विकलेही गेले. हा ट्रक मालवाहतुकीसाठी तिथूनही आलेला असू शकतो.

आता सीट उघडू, पण एकेक थर. वर रेक्झिन, खाली फोम, मग गोणपाट, काथ्या, तळाशी स्प्रिंगा. असा मऊ पॉलियुरेथेन फोम बाजारात आला तो १९५० च्या दशकात. त्यामुळे हा थर १९४८ चा असणं शक्य नाही. काथ्या मात्र जुना असेलच असं नाही, तो आजही मिळतो. लक्षात ठेवा, वस्तू फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगते. 'नेमकं केव्हाचं' हे ती सांगत नाही.

समजा, फटीत एक नाणं सापडलं. 'नया पैसा' असेल, तर ते १ एप्रिल १९५७ नंतर पडलं. आणि निजामाचं हाली नाणं निघालं तर? इथेच नवखा संशोधक घसरतो. हाली चलन विलीनीकरणानंतरही काही वर्षं चालत होतं. ट्रक या भागात फिरला असावा, इतकंच त्यावरून म्हणता येईल. तो सैन्यात होता का, हे चॅसिस नंबर, लष्करी नोंद किंवा लिलावाचा कागदच सांगेल.

म्हणून कारागिराला थोडा वेळ मागा. प्रत्येक थराचा फोटो काढा. थराला क्रमांक द्या, तळहाताएवढा तुकडा वेगळ्या पिशवीत ठेवा. चौकट लाकडी असेल तर खिळ्यांची जुनी भोकं मोजा. सीट किती वेळा मढवली, याचा अंदाज कारागीर तुमच्यापेक्षा लवकर सांगेल. त्याचं म्हणणंही तारखेसह लिहून घ्या.

मालकांचं वाक्यही तसंच नोंदवा : कोणाकडून ऐकलं, कधी ऐकलं. मराठवाड्यात पोलीस अ‍ॅक्शनची आठवण घराघरात आहे. ती सिद्ध झाली नाही म्हणून खोटी ठरत नाही. वहीत लिहा, "दावा शक्य, पुरावा अपुरा." हाही निष्कर्षच आहे.

मग खुशाल नवं रेक्झिन चढू द्या. ट्रक चालला पाहिजे ना!