खडकातल्या खाचा आणि सुताराचे नाव

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाथरवट येतो. सुतार कुणाला आठवत नाही. पण भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहे दोघांच्याही हातची आहेत.

भाजे येथील चैत्यगृह इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आज त्याचे तोंड सताड उघडे दिसते. मूळचे ते तसे नव्हते. पुढे लाकडाची दर्शनी भिंत होती. लाकूड गेले, पण ते अडकवण्यासाठी खडकात कोरलेल्या खाचा राहिल्या. लाकडाचे टोक तासायचे आणि खाचेत घट्ट बसवायचे, असा तो सांधा. लाकूड चुकले तर दुसरे आणता येते. खडक चुकला तर काय करणार? म्हणून समोरासमोरच्या खाचा आधीच एका रेषेत धराव्या लागतात.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब. त्याच्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आजही आहेत, स्तूपावर लाकडी छत्री आहे. दोन हजार वर्षांचे लाकूड! खरं तर खडकाच्या छताला त्या फासळ्यांचा आधार नको. पण त्याआधी अशा इमारती लाकडाच्याच बांधत. हाताला ठाऊक असलेली रीत कारागिरांनी डोंगरात नेली. सांचीला तर दगडी कठडाच लाकडासारखा जोडलाय. उभ्या खांबांना भोकं, त्यांत आडव्या दगडी पट्ट्या. या पट्ट्यांना 'सूची' म्हणजे सुई म्हणतात.

आता आमचा मुद्दा. कार्ल्याच्या व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे. तो धनवान, त्याचे नाव असणारच. पण तिथेच दाराजवळ दुसरा लेख आहे. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार केले, असे तो सांगतो. लेखात सुताराला 'वढकी' म्हटलेय.

आम्ही गिरणीतली माणसं. ताग्यावर गिरणीचा छाप असायचा, विणणाऱ्याचे नाव कधी नसायचे. म्हणून सामीचे नाव आम्हाला मोठे वाटते. त्या संघात श्रेष्ठी आणि सुतार यांची नावे एकाच वास्तूवर कोरली गेली.

तेव्हा कॉटन ग्रीनच्या आपल्या मुलाबाळांना घेऊन एकदा मळवलीला उतरा. भाज्याच्या खाचा दाखवा, कार्ल्याचे दार दाखवा. आणि सामी सुताराचे नाव मुलांना मोठ्याने सांगा.