मोठ्या क्रूझ जहाजावरचा सूट: जागा, ठिकाण आणि श्रेणी

क्रूझ कंपन्या सूट विकतात चौरस फुटांवर, आणि बहुतेक प्रवासी तुलनाही त्याच आकड्याने करतात. प्रत्यक्षात एका भाड्यात तीन निरनिराळ्या गोष्टींचे पैसे असतात: जागा किती, ती जहाजावर नेमकी कुठे, आणि तिच्यासोबत कोणत्या श्रेणीच्या सोयी मिळतात. या तिन्हींत क्षेत्रफळाचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे ठाम मत आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘ओअॅसिस’ वर्गातील जहाजांवर हे मत नीट तपासून पाहता येते. या वर्गातले पहिले जहाज 2009 च्या डिसेंबरात प्रवाशांसाठी सुरू झाले. लांबी सुमारे 361 मीटर, पाण्यालगतची रुंदी 47 मीटर. मधला भाग आकाशाकडे उघडा असून त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या उंच भिंती आहेत. त्यामुळे एकाच जहाजावर अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे सूट सापडतात.

आधी ठिकाण. समुद्रात जहाज दोन प्रकारे हलते. एकदा डावी-उजवी बाजू खालीवर होते, एकदा पुढचे-मागचे टोक. डाव्या-उजव्या डुलण्याला आवर घालण्यासाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात आणि ते काम चोख करतात. टोकांच्या खालीवर होण्यावर मात्र या पंखांचा फारसा इलाज चालत नाही. आता साधे गणित करू. जहाज लांबीच्या दिशेने फक्त एक अंश कलले, तर मध्यापासून 30 मीटरवरची खोली अर्ध्या मीटरने वर किंवा खाली जाते. 150 मीटरवरची खोली तब्बल 2.6 मीटरने. याउलट, ते बाजूला एक अंश कलले तर 50 मीटर उंचीवरची खोली नव्वद सेंटिमीटरांहूनही कमी सरकते, आणि पंख आवरतात ती हीच हालचाल. म्हणून ‘वरचा मजला नको, फार हलतो’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. ज्याला समुद्र लागतो त्याने मजल्यापेक्षा मध्यापासूनचे अंतर पाहावे.

कॅरिबियनमधल्या शांत पाण्यात हा फरक जाणवेलच असे नाही. पण न्यू जर्सीहून हिवाळ्यात निघणाऱ्या जहाजाला आधी अटलांटिकमधून दक्षिणेला जावे लागते. फेब्रुवारी 2016 मध्ये याच कंपनीचे ‘अँथम ऑफ द सीज’ केप हॅटेरसजवळ वादळात सापडले, प्रवाशांना खोल्यांतच थांबावे लागले आणि जहाज अर्ध्यातून माघारी आले. तेव्हा बंदर आणि महिना ठरल्याशिवाय ठिकाणाचा विचार पुरा होत नाही.

ठिकाणाच्या या कसोटीवर अॅक्वाथिएटर सूट पाहा. हे जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, उघड्या रंगमंचाच्या दोन बाजूंना आहेत. बाल्कनी कोपऱ्याला वळसा घालून जाते. काही सूटांमध्ये ती आतल्या जागेच्या तोडीची आहे, त्यामुळे चौरस फुटांच्या यादीत हे सूट दिमाखात दिसतात. बाल्कनीत उभे राहिले की एका बाजूला जहाजामागे उमटणारी पांढरी रेघ, दुसऱ्या बाजूला खाली साडेपाच मीटरच्या आसपास खोल तलाव आणि त्यात उंचावरून सूर मारणारे कलाकार. दृश्य खरोखर अपूर्व आहे आणि त्यासाठी हा सूट घेणाऱ्याला मी चुकीचे ठरवणार नाही. पण संगीत, सराव आणि टाळ्या हे सगळे बाल्कनीत येते, समोरच्या खोल्यांतून तुमची बाल्कनीही दिसते, आणि खाली पाण्यात प्रत्येकी 20 मेगावॅटचे तीन अॅझिपॉड, म्हणजे जहाज ढकलणारे पंखे, फिरत असतात. पहाटे जहाज धक्क्याला लागताना त्यांची थरथर मागच्या भागात अधिक जाणवते. दुपारी झोपणारे बाळ किंवा झोप सावध असलेले वडीलधारे सोबत असतील, तर हा सूट घेऊ नये.

श्रेणीचा हिशेब वेगळा. 2016 पासून कंपनीने सूटांच्या ‘सी’, ‘स्काय’ आणि ‘स्टार’ अशा तीन श्रेणी केल्या. ‘सी’मधल्या ज्युनिअर सूटच्या प्रवाशांना सूटधारकांच्या ‘कोस्टल किचन’मध्ये फक्त रात्रीचे जेवण मिळते. ‘स्काय’मध्ये दिवसभराचे जेवण, खास लाउंज आणि मदतीला कॉन्सिअर्ज. ‘स्टार’मध्ये त्यावर पेये, सशुल्क उपाहारगृहे, टिप्स आणि सगळी कामे करून देणारा ‘रॉयल जीनी’. सुमारे 370 चौरस फुटांचा ग्रँड सूट आणि 545 चौरस फुटांचा दुमजली क्राउन लॉफ्ट, दोन्ही ‘स्काय’मध्येच येतात. लॉफ्टसाठी दिलेल्या जादा पैशांत लाउंजमधली एकही सोय वाढत नाही.

लॉफ्टमध्ये वाढते ती दोन मजली काच आणि जिना. शयनकक्ष वर, बैठक खाली, आणि मध्ये दार नाही. खाली दिवा लावला की उजेड वर जातो, बोलणेही. अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांना अशा सफरीवर नेतात. गुडघे दुखणाऱ्या आईला रात्री खालच्या सोफ्यावर झोपवायचे की जिना चढायला लावायचा, हा प्रश्न चौरस फुटांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. तिथे एकाच मजल्यावरचे, मधल्या दाराने जोडलेले दोन सूट कितीतरी बरे.

‘स्टार’चे मोल करताना यादीतली प्रत्येक सोय छापील किमतीने मोजू नये, आपण एरवी विकत घेतली असती तेवढ्याच किमतीने मोजावी. मद्य न घेणाऱ्या कुटुंबासाठी पेयांच्या पॅकेजची मोठी रक्कम जवळजवळ शून्यावर येते. उलट, श्रेणीच्या सोयी सूटमधल्या सगळ्यांना मिळतात आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे सहसा कमी असते, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला ती श्रेणी दोघांपेक्षा माणशी स्वस्त पडते. शाकाहारी माणसांनी तर जीनीकडे चैन म्हणून बघू नये. रोज नव्या उपाहारगृहात आपले पथ्य समजावून सांगण्याचे काम तो एकदाच करतो.

एवढे झाल्यावर नकाशा उघडावा. निवडलेल्या सूटच्या डोक्यावर काय आहे ते पाहावे: वर पोहण्याचे तलाव असतील तर सकाळी खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, वर खोल्याच असतील तर शांतता. आणि ‘गॅरंटी’ म्हणून स्वस्तात मिळणारी नोंदणी टाळावी. तीत कंपनी श्रेणी राखते, पण खोली तीच ठरवते. मध्यापासूनचे अंतर, वरचा मजला, समोरचा रंगमंच, यांतले काहीही मग आपल्या हाती उरत नाही.